मिश्रण आणि व्याकरण : ‘ट्युब्युलर बेल्स’ या ध्वनिमुद्रिकेचे एक परीक्षण

१

निरनिराळ्या संगीतपरंपरांतील सामग्री एकत्र आणून रचलेल्या कृतीचे मूल्यमापन कोणत्या निकषावर करावयाचे, हा प्रश्न आपल्याकडे फारशा काटेकोरपणे विचारला जात नाही. अशी कृती पुढे आली की ‘फ्यूजन’ हा शब्द उच्चारून आपण मोकळे होतो. कोणाच्या तोंडी तो स्तुतिवाचक असतो, कोणाच्या तोंडी निंदाव्यंजक. परंतु दोन्ही वेळा तो कृतीविषयी काही सांगत नाही. तो सांगतो ते एवढेच की, वक्त्याला तीत एकाहून अधिक गोष्टी ओळखू आल्या. मिश्रण आहे हे ओळखणे म्हणजे मिश्रण कसे झाले आहे हे जाणणे नव्हे, आणि ते कसे झाले आहे हे जाणल्यावाचून ते चांगले की वाईट हे ठरविणे शक्य नाही.

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाला ही अडचण नवी नाही. दोन भाषांचा संपर्क आला की ‘भाषा मिसळल्या’ असे सामान्यतः म्हटले जाते. पण या एका क्रियापदाखाली किती भिन्न प्रक्रिया दडलेल्या असतात, हे आपण वर्गात रोज शिकवीत असतो. एका भाषेने दुसरीकडून शब्द उसना घेणे ही एक गोष्ट. बोलता बोलता एक भाषा सोडून दुसरीत शिरणे ही दुसरी. शेजारी नांदणाऱ्या भाषांची वाक्यरचना हळूहळू एकसारखी होत जाणे ही तिसरी. आणि संपर्कातून नवी भाषाच जन्मास येणे ही चौथी. या चारी गोष्टींस ‘मिश्रण’ हे एकच नाव दिले तर भाषासंपर्काचा अभ्यासच खुंटेल. संगीताच्या बाबतीत नेमके हेच घडते आहे, असे मला वाटते.

संगीत म्हणजे भाषा नव्हे, हे प्रारंभीच मान्य केले पाहिजे. स्वराला शब्दासारखा वाच्यार्थ नसतो, आणि रागाला किंवा नृत्यधुनेला ‘वाक्य’ म्हणणे हा केवळ उपचार होय. तथापि घटक, घटकांची जुळणी आणि जुळणीचे नियम हे त्रैविध्य दोहोंतही आढळते. तेवढ्याच मर्यादेत पुढील विवेचनात भाषाविज्ञानाच्या संज्ञा वापरल्या आहेत. परीक्षणासाठी निवडलेली कृती आहे माइक ओल्डफील्ड या इंग्रज संगीतकाराची ‘ट्युब्युलर बेल्स’ ही वाद्यसंगीताची ध्वनिमुद्रिका. लोकसंगीत, रॉक आणि युरोपीय अभिजात संगीत या तिन्हींची सामग्री तीत आहे, ती विपुल ऐकली गेली आहे, आणि तिच्या घडणीचा इतिहास बराचसा ज्ञात आहे.

२

ही ध्वनिमुद्रिका २५ मे १९७३ रोजी इंग्लंडमध्ये व्हर्जिन या तेव्हा नव्याने निघालेल्या संस्थेने आपले पहिले प्रकाशन म्हणून बाजारात आणली. ओल्डफील्ड यांचा जन्म १५ मे १९५३ चा. म्हणजे प्रकाशनाच्या वेळी त्यांना विसावे वर्ष पूर्ण होऊन अवघे दहा दिवस झाले होते. लंबतबकडीच्या दोन बाजू हेच कृतीचे दोन भाग. पहिला सुमारे पंचवीस मिनिटांचा, दुसरा सुमारे तेवीस मिनिटांचा. आणि त्यांना ‘भाग पहिला’ व ‘भाग दुसरा’ यांपलीकडे नावे नाहीत. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

या तरुणाची सांगीतिक जडणघडण बहुभाषिक होती. किशोरवयात तो रेडिंग परिसरातील लोकसंगीताच्या क्लबांतून गिटार वाजवीत असे. बहीण सॅली हिच्यासह ‘द सॅलिअँजी’ या नावाने त्याने १९६८ मध्ये लोकसंगीताच्या वळणाची एक ध्वनिमुद्रिका केली. नंतर केव्हिन एअर्स यांच्या रॉक संचात तो बास गिटार वाजवू लागला. अमेरिकन संगीतकार टेरी रायली यांच्या १९६९ च्या ‘अ रेनबो इन कर्व्हड एअर’ या पुनरावृत्तिप्रधान रचनेचा प्रभाव त्याने स्वतःच सांगितला आहे. ‘ट्युब्युलर बेल्स’चा आरंभीचा आराखडा त्याने एअर्स यांच्याकडून मिळालेल्या एका घरगुती ध्वनिफीतयंत्रावर केला. या यंत्रात पूर्वीचा आवाज पुसणारे एक शीर्ष असते. ते झाकून टाकले की जुन्या आवाजावर नवा आवाज चढतो आणि जुना तसाच राहतो. ओल्डफील्डने पुठ्ठ्याचा तुकडा लावून ते झाकले. हा तपशील चरित्रकाराच्या कुतूहलापुरता नाही. या कृतीचे व्याकरण त्या पुठ्ठ्याच्या तुकड्यातच आहे, असे माझे म्हणणे आहे.

प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण ऑक्सफर्डशायरमधील ‘द मॅनर’ या जुन्या वाड्यातील ध्वनिमुद्रणगृहात सोळा पट्ट्यांच्या यंत्रावर झाले. पहिला भाग १९७२ च्या अखेरीस सुमारे एका आठवड्यात, तर दुसरा भाग पुढील काही महिन्यांत ध्वनिमुद्रणगृह मोकळे असेल तेव्हा असा तुकड्यातुकड्यांनी मुद्रित झाला. टॉम न्यूमन आणि सायमन हेवर्थ यांनी त्यात साहाय्य केले. बासरी, ढोलसंच, उभा तंतुबास आणि काही कंठस्वर एवढे वगळता बहुतेक सर्व वाद्ये ओल्डफील्ड यांनी स्वतः, एकामागून एक वाजविली आहेत.

३

आरंभीची पियानोची आकृती जगभर परिचित आहे. एक उच्च स्वर बव्हंशी एकाआड एक परत येत राहतो आणि मधल्या जागांतून दुसरी स्वरपंक्ती पुढे सरकते. आपल्याकडील श्रोता हात धरून मोजू लागला तर त्याला प्रथम सात मात्रांचा गट सापडतो व रूपकाची आठवण होते; पण लवकरच एखादा गट लांबतो आणि त्याचा हिशोब चुकतो. येथे सम नाही. ताल म्हणजे वर्तुळ. त्यात परत येण्याचे एक ठरलेले स्थान असते, आणि गायक-वादक त्या स्थानाशी लपंडाव खेळतात. ही आकृती मात्र वर्तुळाप्रमाणे फिरत नाही, ती पट्ट्याप्रमाणे सरकते. तिचे प्रयोजन श्रोत्याला कोठे नेण्याचे नसून आपल्यावर काही ठेवू देण्याचे आहे.

आणि तसेच घडते. पियानोवर घंटिकावाद्याचे नाजूक ठोके येऊन बसतात, मग ऑर्गन, मग बास गिटार. प्रत्येक नवा आवाज आधीच्या आवाजांना न हटविता त्यांच्यावर चढतो. युरोपीय अभिजात संगीतात दीर्घ रचना उभी राहते ती विषयाच्या विकासाने : विषय मांडावयाचा, त्याचे अवयव सुटे करावयाचे, दूरच्या स्वरप्रदेशात हिंडवावयाचे आणि परत आणावयाचे. लोकसंगीतात धून कडव्याकडव्याने तशीच परत येते आणि तिच्यावरील अलंकरण बदलते. रॉकमध्ये ठेका आणि त्यावरील लहानशी खालच्या स्वरातील आकृती ही पुढील सर्व आवेशाचा आधार असते. ‘ट्युब्युलर बेल्स’मध्ये यांपैकी कोणतीही रीत प्रधान नाही. तिची रीत थर चढविण्याची आहे, आणि ती रीत ध्वनिफितीने शिकविलेली आहे.

याचा एक पुरावा असा की, रॉकची सामग्री येथे भरपूर असूनही रॉकचा बलाघात मात्र जवळजवळ नाही. विद्युत गिटारची खरखरीत, फाटलेली नादजाती आहे, बास गिटारच्या आवर्तनांची घट्ट चौकट आहे; पण ज्याच्यावाचून रॉक संच उभाच राहत नाही तो ढोलसंच सबंध कृतीत फक्त दुसऱ्या भागातील एका प्रकरणात येतो. उसने घेतलेल्या शब्दांचे हेच होते. शब्द येतो, पण त्याच्या मूळ भाषेतील आघात उंबरठ्याबाहेर राहतो आणि घेणाऱ्या भाषेचा आघात त्यावर बसतो. पोर्तुगीजमधून आलेला ‘बटाटा’ किंवा ‘चावी’ आपण मराठीच्या आघातानेच उच्चारतो; ते शब्द परके आहेत हे सांगावे लागते.

४

उसनवारीचे आणखी सूक्ष्म उदाहरण दुसऱ्या भागात आहे. वेष्टनावरील वाद्यांच्या यादीत ‘बॅगपाइपसारखे वाजणारे गिटार’ अशा अर्थाची एक नोंद आहे. बॅगपाइप हे हवेच्या पिशवीवर चालणारे वाद्य. त्यात स्वर तुटत नाही, दोन स्वरांमध्ये श्वासाएवढीही फट पडत नाही, आणि एक आधारस्वर अखंड घुमत राहतो. गिटारचा स्वभाव नेमका उलट : तार छेडली की स्वर उमटतो आणि त्याच क्षणापासून मरू लागतो. गिटारने बॅगपाइपचे बोलणे बोलावयाचे तर तिला आपल्या उणिवेवर उपाय शोधावा लागतो. विद्युत यंत्रणेने आवाज विकृत केला म्हणजे तो लांबतो, टिकतो, कडा धरतो. आणि रॉकने आक्रोशासाठी घडविलेले हे साधन येथे स्कॉटिश वळणाची धून अखंड ठेवण्यासाठी राबते.

पहिल्या भागातील ‘दुप्पट वेगाचे गिटार’ हेही तसेच. फीत अर्ध्या वेगाने चालवून गिटार मुद्रित करावयाचे आणि पूर्ण वेगाने वाजवावयाचे; स्वर एका सप्तकाने वर जातो, नाद बारीक आणि लखलखीत होतो, व मँडोलिनची आठवण देणारे एक नवेच वाद्य ऐकू येते. येथे लोकवाद्याचा नाद यंत्राच्या गतीतून निर्माण झाला आहे. हे अनुकरण नव्हे. अनुकरणात मूळ वस्तू जशीच्या तशी दाखविण्याची धडपड असते, तर येथे घेणाऱ्या भाषेने आपल्या वर्णमालेत बसेल असा उच्चार बनविला आहे. रसिकाच्या दृष्टीने यात मौज आहे. समीक्षकाच्या दृष्टीने हे मिश्रणाच्या खरेपणाचे एक लक्षण आहे. ज्या मिश्रणात कोणत्याही घटकाला स्वतःचा उच्चार बदलावा लागत नाही ते नुसते शेजारी ठेवणे होय.

५

आता या कृतीच्या केंद्राकडे वळू. पहिल्या भागाचा शेवट हा तिचा सर्वांत प्रसिद्ध आणि माझ्या मते सर्वांत अर्थपूर्ण अंश. बास गिटारची एक आकृती आवर्तनांनी चालू राहते. तिच्यावर एक धून येते. व्हिव्हियन स्टॅन्शॉल यांचा भारदस्त, किंचित नाटकी आवाज एकेका वाद्याचे नाव पुकारतो आणि ते वाद्य ती धून उचलते : मोठा पियानो, ऑर्गन, घंटिकावाद्य, बास गिटार, दुप्पट वेगाचे गिटार, किंचित विकृत केलेली दोन गिटारे, मँडोलिन, स्पॅनिश व साधे गिटार, आणि सर्वांत शेवटी नळीघंटा, जिच्यावरून कृतीला नाव मिळाले. सबंध ध्वनिमुद्रिकेत अर्थ कळेल असे मानवी शब्द तेवढेच, आणि तेही केवळ नामे.

या पुकाऱ्याकडे अनेकांनी विनोद म्हणून पाहिले आहे, आणि त्यात विनोद आहेही. पण पुकारल्या जाणाऱ्या नामांचा क्रम पाहा. पियानो आणि नळीघंटा सभागृहातील अभिजात संगीताची, विकृत गिटार रॉकचे, मँडोलिन लोकसंगीताचे. आणि ही सारी एकाच बैठकीवर बव्हंशी तीच धून म्हणतात. त्यांची नादजाती पूर्णपणे आपापली राहते. मँडोलिन कोणाला पियानो वाटत नाही. बदलत नाही ती वाक्यरचना.

येथे मला कुपवाडची आठवण होते. गंपर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी सांगलीजवळील कुपवाड या त्या वेळच्या गावातील भाषांचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. तो आपल्या अभ्यासक्रमातून सर्वांच्या परिचयाचा आहे. त्या गावी जैन घरांत कानडी, मुसलमान घरांत उर्दू आणि इतरत्र मराठी बोलली जात असे, आणि कित्येक पिढ्या गावकऱ्यांना रोजच्या व्यवहारात एकाहून अधिक भाषा वापराव्या लागत होत्या. परिणाम असा झाला की भाषांचे शब्द वेगळेच राहिले, कारण घर आणि समाज यांची ओळख त्यांत होती; पण वाक्यरचना इतकी जवळ आली की एका भाषेतील वाक्याच्या जागी दुसरीतील वाक्य पदाला पद, प्रत्ययाला प्रत्यय ठेवून सांगता यावे. वरवर तीन भाषा, आत जवळजवळ एक व्याकरण.

‘ट्युब्युलर बेल्स’च्या पहिल्या भागाचा शेवट हे संगीतातील कुपवाड आहे. वाद्यांची नावे मुद्दाम पुकारली जातात ती त्यांची वेगळी ओळख पुसली जाऊ नये म्हणून. आणि धून एकच ठेवली जाते ती त्यांच्या खालचे व्याकरण एक झाले आहे हे ऐकू यावे म्हणून. मर्ढेकरांनी लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन नियम सांगितले. त्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे धुनेच्या पातळीवर संवाद आहे, नादजातीच्या पातळीवर विरोध आहे, आणि थराथराने वाढणाऱ्या वजनाने साधलेला समतोल आहे. तीन परंपरांची सामग्री जवळ येण्यानेच हे घडले नसते. ती एका रचनानियमाखाली आल्यामुळे घडले. या अंशाची थोरवी तेथे आहे.

६

हे व्याकरण खरोखरीच आहे, की समीक्षकाने बाहेरून लादलेले, हे तपासण्यास सुदैवाने दोन प्रयोग उपलब्ध आहेत. दोन्ही ओल्डफील्ड यांच्या संमतीने व सहभागाने झाले.

पहिला १९७५ चा. डेव्हिड बेडफर्ड यांनी ही रचना वाद्यवृंदासाठी बसविली आणि रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राने ती वाजविली. म्हणजे सर्व ‘शब्द’ एकाच भाषेचे झाले. धुना त्याच, क्रम जवळजवळ तोच. पण परिणाम वेगळा होतो. मूळात ज्या पुनरावृत्तीने पकड घेतली होती तीच वाद्यवृंदात रेंगाळल्यासारखी वाटते. कारण उघड आहे. वाद्यवृंदाचा नाद कानी पडताच श्रोता विकासाच्या व्याकरणाची अपेक्षा करू लागतो, आणि ही रचना विकास पावत नाही, ती साठत जाते. भिन्न परंपरांच्या नादांचा आपसांतील विरोध नाहीसा होताच संवादाला काही काम उरत नाही. यावरून हे सिद्ध होते की, मूळ कृती म्हणजे गरीब साधनांनी लिहिलेली सिंफनी नव्हे. तिला सिंफनीच्या पंक्तीस बसवून गौरविणाऱ्यांनी तिचा गौरव चुकीच्या कारणासाठी केला.

दुसरा प्रयोग २००३ चा. ओल्डफील्ड यांनी हीच रचना अद्ययावत तंत्राने पुन्हा मुद्रित केली. स्टॅन्शॉल १९९५ मध्ये निवर्तले होते, त्यांच्या जागी अभिनेते जॉन क्लीज यांनी वाद्यांची नावे पुकारली. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचा बदल दुसराच. १९७३ मध्ये ज्या कृतीला दोनच अनाम भाग होते, तिचे आता सतरा तुकडे करून प्रत्येकास नाव देण्यात आले, आणि त्या नावांत ‘लॅटिन’, ‘ब्लूज’, ‘थ्रॅश’, ‘जॅझ’, ‘रशियन’ ही नावे आहेत. स्वर तेच असताना नावाने ऐकणे बदलते. ‘जॅझ’ ही पाटी वाचल्यावर श्रोता त्या मिनिटाभरात जॅझ शोधतो, तो कितपत अस्सल आहे हे पाहतो आणि बहुधा निराश होतो; पाटी नसताना तो त्याच मिनिटात मागून काय आले आणि पुढे काय जाते हे ऐकत होता. वाक्य सोडून आपण शब्दांच्या जातकुळीची यादी करू लागतो. ‘फ्यूजन’ या शब्दाने समीक्षेत होते ते हेच.

नावाचा व संदर्भाचा असा परिणाम या कृतीने आधीही भोगला होता. डिसेंबर १९७३ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘द एक्झॉर्सिस्ट’ या विल्यम फ्रीडकिन यांच्या भयपटात आरंभीच्या पियानोचा थोडासा अंश वापरला गेला, आणि असंख्य लोकांच्या कानांत ती आकृती कायमची भयसूचक झाली. आकृतीत स्वतः भय नाही. तिच्यातील विषम गटांमुळे अस्थिरता आहे, आणि त्या अस्थिरतेवर चित्रपटाने आपला अर्थ बसविला. चिन्ह आणि अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो, हे सोस्यूरचे प्रतिपादन शिकविताना हे उदाहरण घेण्यासारखे आहे. मात्र पूर्णपणे यादृच्छिक नव्हे, हेही त्याच उदाहरणावरून दाखविता येते.

७

दुसरा भाग मला पहिल्याच्या तोडीचा वाटत नाही. त्याची कारणे आतापर्यंतच्या विवेचनातूनच निघतात.

आपल्या वैयाकरणांनी ‘संधी’ ही फार मोलाची संकल्पना दिली आहे. दोन वर्ण निकट आले की त्यांच्यात विकार होतो. विकार होतो म्हणूनच निकटता खरी; एरवी ती केवळ शेजार. दुसऱ्या भागात सुंदर प्रकरणे आहेत. आरंभीचा शांत, माळरानाची आठवण देणारा अंश आणि शेवटाकडील गिटार व ऑर्गन यांचा स्तब्ध आलाप कोणीही पुन्हा पुन्हा ऐकावा असा आहे. पण ती प्रकरणे एकमेकांना बाधत नाहीत. एक संपते, दुसरे सुरू होते. तुकड्यातुकड्यांनी झालेल्या मुद्रणाचा हा परिणाम असेलही. समीक्षेला कारणाशी कर्तव्य नाही, फलाशी आहे.

सर्वांत स्पष्ट उदाहरण शेवटचे. त्या स्तब्ध आलापानंतर ‘सेलर्स हॉर्नपाइप’ ही खलाशांची जुनी नृत्यधून येते आणि वाढत्या गतीने कृती संपविते. इंग्रज श्रोत्याला ही धून बालपणापासून ठाऊक असते. हेन्री वुड यांनी १९०५ मध्ये सागरगीतांवर रचलेल्या वाद्यवृंदरचनेतही ती आहे, आणि लंडनच्या प्रॉम्स मैफलींच्या अखेरच्या रात्री श्रोते टाळ्या वाजवीत तिची गती वाढवितात. म्हणजे ती आपला तयार अर्थ घेऊन येते. भाषेच्या परिभाषेत हे कोड बदलणे आहे, किंबहुना अवतरणचिन्हांतले वाक्य आहे. तिने आसपासच्या व्याकरणाला काही दिले नाही, त्याच्याकडून काही घेतलेही नाही. श्रोता हसतो, त्याची सुटका होते. पण अठ्ठेचाळीस मिनिटांच्या बांधणीचा शेवट सुटकेने व्हावा हे पुरेसे नाही.

‘पिल्टडाउन मॅन’चे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. ढोलसंचाच्या ठेक्यावर एक कंठ गुरगुरतो, ओरडतो, आरोळ्या देतो. त्यात कोणत्याही भाषेचा शब्द नाही. वेष्टनावर या कंठाला ‘पिल्टडाउन मॅन’ असे वाद्यांच्याच रांगेत बसविले आहे. पिल्टडाउनचा मानव म्हणजे १९१२ मध्ये ससेक्समध्ये सापडला म्हणून गाजविलेला मानवाचा तथाकथित पूर्वज. त्याची कवटी माणसाची होती आणि जबडा ओरांगउटानचा; ही लबाडी १९५३ मध्ये उघडकीस आली. दोन जातींच्या हाडांची जोड एक जीव म्हणून चाळीस वर्षे खपली. परंपरांची जोड करणाऱ्या कृतीत हे नाव यावे यात कर्त्याचा हेतू किती आणि लहर किती, हे ठरविण्याची गरज नाही. आपल्याला मात्र त्यातून एक इशारा घेता येतो : सांधा दिसत नाही एवढ्यावरून दोन गोष्टी एकजीव झाल्या असे होत नाही, आणि त्या एकजीव झाल्याच्या ग्वाहीसाठी तज्ज्ञांची मान्यताही पुरत नाही. त्या अंशापुरते पाहिले तर कंठ आणि ठेका यांची जोड जिवंत आहे. ढोल आले आहेत म्हणून रॉकचा बलाघात येथे प्रथमच खरा वाटतो, आणि त्यावर भाषेच्या अलीकडचा आवाज शोभतो. परंतु मागच्या-पुढच्या प्रकरणांशी त्याचा संधी झालेला नाही.

८

एक मर्यादा अखेर सांगितली पाहिजे, आणि ती कुपवाडच्या उपमेचीही मर्यादा आहे. कुपवाडचे व्याकरण एक झाले ते माणसांना एकमेकांशी बोलावे लागत होते म्हणून. बाजार, शेत, चावडी येथे समोर दुसरा उभा होता. त्याला समजावे म्हणून प्रत्येकाने आपले वाक्य थोडे वाकविले. ‘ट्युब्युलर बेल्स’मध्ये समोर कोणी नाही. सोळा पट्ट्यांवर बहुतांशी एकच माणूस स्वतःच्या आवाजावर स्वतःचा आवाज चढवीत गेला. नंतर चढलेले वाद्य आधीचे वाद्य ऐकू शकते. आधीचे नंतरचे ऐकू शकत नाही. त्यामुळे या कृतीत सहगान आहे, संवाद आहे, पण मर्ढेकरांच्या अर्थाने. आपण एरवी ज्याला संवाद म्हणतो तो, म्हणजे प्रश्नाला उत्तर देणे, उत्तराने प्रश्न बदलणे, तीत नाही. जुगलबंदीत एकाने घेतलेली तान दुसऱ्याची पुढची तान बदलते. येथे सारे एकच वाक्य बोलतात, आणि कोणी कोणास उत्तर देत नाही. ही एकाच वक्त्याची भाषा आहे. भाषाविज्ञानात आपण तिला व्यक्तिबोली म्हणतो.

यावरून कृती कमी ठरते असे मला सुचवावयाचे नाही. व्यक्तिबोलीतही व्याकरण असते, आणि एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाने ते एकट्याने घडवावे ही असाधारण गोष्ट होय. तिच्यात जो एकटेपणा ऐकू येतो, विशेषतः पहिल्या भागात नळीघंटेचा कल्लोळ ओसरल्यावर मागे राहणाऱ्या गिटारमध्ये, तो या घडणीतूनच आलेला आहे व तो खोटा नाही. परंतु मिश्रणाचा आदर्श म्हणून ती पुढे ठेवताना ही गोष्ट लपवू नये. ओल्डफील्ड यांनी स्वतः १९७५ च्या ‘ओमाडॉन’मध्ये ‘जबुला’ या आफ्रिकी संचाचे ढोल आणि पॅडी मोलोनी यांचे आयरिश पाइप्स घेतले. तेथे बोलीला दुसरे वक्ते मिळाले, आणि तिचे उच्चार बदलू लागले.

आपल्या विभागातील विद्यार्थी आता मिश्रभाषेतील कादंबऱ्यांवर, जाहिरातींच्या भाषेवर, चित्रपटगीतांवर प्रबंध लिहू लागले आहेत. त्यांच्या लेखनात ‘सरमिसळ’, ‘संकर’, ‘फ्यूजन’ हे शब्द निष्कर्षाच्या जागी येताना दिसतात. ते शब्द निष्कर्ष नव्हेत. ती केवळ प्रश्नाची सुरुवात आहे. कोणता घटक कोठून आला हे सांगून झाल्यावर, त्याचा उच्चार बदलला का, जुळणीचा नियम कोणाचा आहे, सांध्यावर विकार झाला का, आणि एका घटकाचे म्हणणे दुसऱ्याने ऐकले का, हे विचारावयाचे राहतेच. ‘ट्युब्युलर बेल्स’ला हे प्रश्न विचारले असता पहिल्या तिन्हींना तिचा पहिला भाग समर्थपणे उत्तर देतो, दुसरा भाग तिसऱ्यापाशी अडखळतो, आणि चौथ्यापाशी दोन्ही भाग गप्प राहतात.